बीएस्सीला ४८ टक्के आहेत, पीजीला प्रवेश मिळेल का?

मिळेल. फक्त कुठे अडतं ते आधी पाहून घ्या.

तुम्ही लिहिलंय की गाव आर्णी तालुक्यात, बीएस्सी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), दोन विषय बॅक राहून मागाहून निघाले, सरासरी ४८ आणि मार्कशीट पाहूनच परत पाठवतील अशी धास्ती. मी यवतमाळ जिल्ह्यातच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलावर असतो. मार्कशीट उलटी धरून "एवढ्यावर होते का जी?" असं विचारणारी पोरं दरवर्षी येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं होतं.

आमच्याकडे एमएस्सी केमिस्ट्रीला गर्दी असते, तिथे ४८ वर यादीत नाव लागणं कठीण. फिजिक्स आणि मॅथ्सच्या जागा मात्र उरतात. पण जागा रिकामी दिसली म्हणून शिरू नका. जो विषय बॅक राहिला होता त्याच विषयात दोन वर्षं काढायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा.

एमबीए, एमसीएचं गणित वेगळं आहे. राज्याच्या सीईटीतून प्रवेशाला पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के लागतात. राज्यातल्या मागास प्रवर्गांना आणि ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला, ४५. म्हणजे त्याच ४८ वर एक जण बाहेर आणि शेजारी बसलेला आत. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलाच नाही, आणि निम्मं उत्तर तिथेच अडकलंय.

दुसरी वाट प्रवेश परीक्षेची, आणि आपल्याकडची मुलं ती हुकतात ती टक्क्यांमुळे नाही, तारखांमुळे. आयआयटीत एमएस्सीला जायच्या 'जॅम' परीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, ऐन सोयाबीन काढणीत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे, सीयूईटी-पीजीचे, अर्ज अलीकडे कापूस वेचणीच्या दिवसांत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. आपल्या विद्यापीठाचा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल येतो तोवर तिकडे सगळं उरकलेलं असतं. "निकाल लागू दे, मग पाहू" असं घरोघरी म्हणतात. अहो, शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज भरता येतो! तुमची पदवी झालीच आहे, तर यंदा सप्टेंबरपासूनच संकेतस्थळांवर नजर ठेवा. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठासारख्या ठिकाणी निवडीत परीक्षेचे गुण चालतात, मात्र किमान टक्क्यांची अट विषयागणिक बदलते. ती माहितीपत्रकातच वाचा, कॅफेवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

आणि हे काहीच जमलं नाही तर घरबसल्या शिकवणारं इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे. तिथल्या बहुतेक एमए अभ्यासक्रमांना नुसती पदवी चालते, टक्के विचारत नाहीत. दूरस्थ पदवीला किंमत नाही असं गावात कोणी म्हणालं तर त्याला सांगा, मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने २०२२ साली स्पष्ट केलंय.

मला यात सगळ्यात कामाची वाटते ती गोष्ट पुढची. नेट, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, तीन वर्षांच्या बीएस्सीचे टक्के पाहत नाही. ती पदव्युत्तरला ५५ मागते, राखीव प्रवर्गांना ५०. तिथे ५४.९ चे ५५ करून देत नाहीत, त्यामुळे पीजीची दोन वर्षं हलक्यात घेऊ नका. बीएडलाही पदवी किंवा पदव्युत्तर, दोन्हीपैकी एकीकडे ५० असले तर एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या, नियमांत बसतं. म्हणजे आज बीएडला अडलेला माणूस एमए, एमएस्सी नीट करून दोन वर्षांनी परत येऊ शकतो. याला अपवाद आयटी कंपन्यांचा. त्यातल्या कित्येक दहावीपासून पदवीपर्यंत सलग ६० मागतात, आणि तिथे पीजीनेही ४८ झाकले जात नाहीत.

राखीव प्रवर्गात असाल आणि नॉन क्रिमिलेअरचा (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला लागत असेल तर त्यावरची मुदत पाहा. ती ३१ मार्चला संपते, आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते. गुणपत्रिका लॅमिनेट मात्र करू नका, नंतर त्यावर शिक्का बसत नाही.

प्रवर्ग आणि बॅक राहिलेले दोन विषय खाली लिहा, मग कुठे अर्ज भरायचा ते नेमकं सांगता येईल.