नऊ मुलांच्या अंगणवाडीवर खर्च करावा का?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत सात वाड्या आहेत. खालच्या वाडीतील अंगणवाडीच्या पटावर तीन ते सहा वर्षे वयाची नऊ मुले आहेत; आणखी चार मुले बाजारपेठेतील खासगी नर्सरीत व्हॅनने जातात. अंगणवाडीच्या छपराची दुरुस्ती करण्याचा विषय मी बैठकीत मांडला, तेव्हा ‘मुले दरवर्षी कमी होत आहेत, जी आहेत त्यांना पहिलीत गेल्यावर मुळाक्षरेही येत नाहीत, मग तिथे पैसा कशाला घालायचा’, असे उत्तर मिळाले. हा खर्च ग्रामपंचायतीने करावा का, आणि अंगणवाडीचे काम बरे की वाईट हे पाहायचे कसे?
— ग्रामपंचायत सदस्या, राजापूर तालुका

उत्तर : मुले कमी होत आहेत, हे आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत उतरली. मुंबईकडे गेलेले कुटुंब गणपतीला आणि शिमग्याला येते; त्याची मुले मात्र अंगणवाडीच्या पटावर येत नाहीत. परंतु पट लहान आहे म्हणून खर्च नको, हा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट, पट लहान असल्यामुळेच शासनाकडून येणारा पैसा तिथे अपुरा पडतो.

हे आहाराच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. पूरक पोषण आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये आहे आणि त्याचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. नऊ मुलांचे दिवसाला ७२ रुपये, म्हणजे २५ दिवसांचे १,८०० रुपये झाले. साठ मुलांच्या अंगणवाडीत याच दराने आहार शिजवणाऱ्या बचत गटाला काहीतरी उरते. नऊ मुलांसाठी चूल पेटवायला तेवढेच श्रम लागतात आणि इंधनही त्या प्रमाणात घटत नाही. मानधनाचे तसे नाही. ते मुलांच्या संख्येवर अवलंबून नसते : ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये मासिक मानधन ठरवले आणि त्यावर राज्य आपली भर घालते. गळके छप्पर, पाण्याची टाकी, शौचालयाचे दार, खेळणी या गोष्टी आहार आणि मानधन या दोन्हींच्या मध्ये राहून जातात, आणि ग्रामपंचायतीची गरज नेमकी तिथेच आहे.

त्यासाठी तिच्याकडे पैसाच नसतो, असेही नाही. स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींवर आहे. ही रक्कम मार्चअखेर घाईघाईच्या खरेदीत जाते की वर्षाच्या आरंभी विचारपूर्वक वापरली जाते, एवढाच प्रश्न असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता, त्यात अंगणवाडीचे शौचालय आणि नळजोडणी बसत असे. उरलेल्या अबंधित भागातून दुरुस्ती करता येत असे, मानधन मात्र देता येत नसे. ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेली असली पाहिजेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे छपराचा ठराव करून घेतल्यास तो पुढे डावलणे कठीण जाईल.

आता कामगिरीविषयी. पहिलीत येणाऱ्या मुलाला मुळाक्षरे येतात का, ही कसोटीच मला चुकीची वाटते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास मुलाला दवाखान्यात पाठवणे), आरोग्य व आहार शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशी सहा कामे अंगणवाडीकडे आहेत, आणि त्यांपैकी शिक्षणाच्या वाट्याला सेविकेचा किती वेळ येतो, हे आधी पाहावे. पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरील नोंदी, गृहभेटी आणि सर्वेक्षणे यांत सकाळ गेली तर गाणी-गोष्टींना काय उरणार? २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून आणि घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला आहे. ऐकलेली गोष्ट मूल आपल्या शब्दांत, मग ती संगमेश्वरी बोलीत का असेना, सांगू शकते का. शिंपले लहान-मोठे असे वेगळे करते का. हात धुऊन पंगतीत बसते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यात मुलाच्या भाषिक, बौद्धिक, शारीरिक आणि सामाजिक-भावनिक तयारीची नोंद होते. पहिलीच्या शिक्षकांसमवेत ती पाहिल्यास वाद निम्मा मिटेल. नर्सरीतील चार मुलांचीही तीच पाहणी करावी, कारण इंग्रजी कविता पाठ म्हणणे आणि शिकायला तयार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

अंगणवाडी शेजारच्या वाडीत विलीन करावी, असा पर्याय कदाचित पुढे येईल. केंद्रे मंजूर करण्याचा निकष मुख्यतः लोकसंख्येचा आहे : सामान्य ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकवस्तीला एक केंद्र, डोंगराळ भागात ३०० पासून. दोन वाड्यांमधला वहाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावरचा साकव, म्हणजे लहान पूल, या निकषात धरलेला नाही. जुलैच्या पावसात तीन वर्षांचे मूल साकव ओलांडून जाणार नाही. ते घरीच राहील, आणि पट आणखी घटल्याचे दाखवले जाईल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये कोकणच्याच उत्तर किनाऱ्यावर, बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणापर्यंत न्यावी, हा त्यांचा आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचा मार्ग होता.

तेव्हा छपराचा खर्च जरूर करावा, आणि तो मे महिना उजाडण्यापूर्वी करावा. अंदाजपत्रकाची प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवून पोच घ्यावी, म्हणजे जिल्हा परिषदेकडून दुरुस्तीचा निधी मिळण्यासारखा असल्यास तो दुसरीकडे वळण्याआधी मागता येईल.