पुढच्या चाकाचा स्पोक तुटलेला असताना गाडी डोंगरात न्यावी का?

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यात राहतो. गेल्या वर्षी मी जुनी ‘हीरो एक्सपल्स २००’ मोटारसायकल घेतली. शेताकडच्या पांदण रस्त्याने आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर बालाघाटातल्या कच्च्या वाटांवर ती चालवतो. अलीकडे ओढा ओलांडताना पाण्याखालचा दगड दिसला नाही आणि पुढचे चाक जोरात आपटले. रिमच्या कडेला पोचा आला आहे, एक स्पोक तुटला आहे आणि त्याच्या शेजारचे दोन हाताला ढिले लागतात. मागच्या रिमवरही एक जुना, लहान पोचा आहे. तरीही हवा उतरत नाही आणि डांबरी रस्त्यावर गाडी सरळ चालते. गावातले मिस्त्री म्हणतात, तुटलेला स्पोक काढून टाकू, रिम ठोकून सरळ करू, काही होत नाही. येत्या रविवारी आम्ही धारूरच्या बाजूला डोंगरात जाणार आहोत. नवी रिम मिळायला वेळ लागेल. तोवर गाडी चालवावी का? मी गेलो नाही, तर धाकटा चुलतभाऊ गाडी मागतो आहे. त्याला द्यावी का?

उत्तर : रविवारी ही गाडी डोंगरात नेऊ नका आणि चुलतभावालाही देऊ नका. तुमच्या पत्रात दोन चाकांचे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. मागच्या चाकाबाबत तपासणीनंतर कदाचित ‘चालेल’ असे म्हणता येईल. पुढच्या चाकाबाबत मात्र दुरुस्ती होईपर्यंत तसे म्हणता येणार नाही.

बैलगाडीच्या चाकातले लाकडी आरे भार दाबाने झेलतात. दुचाकीच्या तारेच्या चाकाची रचना याच्या उलट असते. त्यातले बारीक स्पोक हब (चाकाचा मधला भाग) आणि रिम यांच्यामध्ये ताणून बसवलेले असतात आणि सगळ्यांचा ताण सारखा असेल तोवरच रिम गोल आणि सरळ राहते. एक स्पोक तुटला की त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्यांवर पडतो, आणि तुमच्याकडे नेमके ते शेजारचेच ढिले आहेत. ढिला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताणला जातो आणि सैल पडतो. अशा सततच्या ओढाताणीने तो हबजवळच्या वाकणापाशी किंवा निपलच्या (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटच्या) आट्यांपाशी तुटतो. म्हणून एका तुटलेल्या स्पोकनंतर दुसरा आणि तिसरा तुटायला फार काळ लागत नाही. सपाट डांबरावर हे जाणवत नाही, कारण तिथे चाकावर आदळणारा जोर कमी असतो. बालाघाटातल्या काळ्या दगडावरून उतरताना, तेही पुढचा ब्रेक दाबलेला असताना, सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक डगमगले तर बहुतेक वेळा गाडी सावरायला थोडा अवधी मिळतो. पुढचे चाक वाकले तर हँडल हातात असूनही गाडी तुमची राहत नाही.

हवा उतरत नाही, याचा तुम्हाला जो दिलासा वाटतो तो येथे उपयोगाचा नाही. ट्यूबलेस टायरमध्ये रिमची कड वाकली तर हवा गळून सूचना तरी मिळते. तुमच्या गाडीत ट्यूब आहे. हवा ट्यूबमध्ये असते, रिम तिला धरून ठेवत नाही. त्यामुळे रिम कितीही बिघडली तरी ट्यूब शाबूत असेपर्यंत टायर टणकच लागतो आणि मग वाकलेल्या कडेत ट्यूब चिमटली किंवा तुटलेल्या स्पोकचे टोक तिला टोचले, तर हवा एकदम जाते.

तपासणी तुम्ही घरी करू शकता. आधी चाके स्वच्छ धुवा, कारण काळ्या मातीचा चिखल वाळला की त्याखालची चीर दिसत नाही. या गाडीला मधले स्टँड नसल्याने इंजिनाखाली भक्कम लाकडी ठोकळा देऊन चाक अधांतरी करा आणि गाडी धरायला कोणाला तरी उभे करा. छोट्या पान्याने एकेका स्पोकवर हलकेच टिचकी मारा : ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. रिमवर जिथे निपल बसतात त्या भोकांभोवती केसासारखी चीर आहे का, हे भर उन्हात बारकाईने पाहा. अशी एक चीर जरी दिसली तरी ती रिम बाद समजा. मग पोचा किती मोठा आहे हा विचारच उरत नाही. त्यानंतर फोर्कला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) एक तार अशी बांधा की तिचे टोक रिमला जेमतेम टेकणार नाही आणि चाक सावकाश फिरवा. रिम बाजूला किती जाते आणि वर-खाली किती होते, दोन्ही पाहा. बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा २ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. शेवटी चाक वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर दोष बेअरिंगचाही असू शकतो, आणि तो स्पोक बदलून जाणार नाही.

मागच्या चाकाचे सगळे स्पोक खणखणीत असतील, चीर नसेल, चाक मर्यादेत फिरत असेल आणि पोच्याची कड आतून धारदार नसेल, तर त्या चाकाची घाई करायचे कारण नाही. डोंगरात रोज भटकणाऱ्यांच्या रिमवर असे लहान पोचे असतातच.

आता ठोकून सरळ करण्याविषयी. रिमला लोहचुंबक लावून पाहा. तो चिकटला तर रिम लोखंडी आहे आणि लहान पोचा जाणत्या कारागिराने, चाक उतरवून, सावकाश काढला तर ती पुन्हा वापरता येते. चिकटला नाही तर ती ॲल्युमिनियमची आहे. तो धातू वाकवून परत सरळ केला की तिथे कमकुवत होतो आणि चीर त्याच जागेपासून सुरू होते. अशी ठोकलेली रिम पुढच्या चाकात डोंगरासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुटलेला स्पोक नुसता काढून टाकण्याचा सल्ला दोन्ही धातूंच्या बाबतीत चुकीचा आहे. मिस्त्रींच्या हेतूविषयी मला शंका नाही. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या गाड्यांचा त्यांचा अनुभव खरा असेल, पण तो खडकाळ उतारावर लागू होत नाही. ढिला स्पोक स्वतः जोर लावून आवळण्याचाही मोह टाळा. एकाच बाजूचा स्पोक ओढला गेला की रिम तिकडे झुकते.

दुरुस्तीसाठी गाडी चालवत नेऊ नका. पुढचे चाक उतरवा आणि टेम्पोने किंवा मित्राच्या गाडीवरून अंबाजोगाईला वा लातूरला चाकाचा आउट काढणाऱ्या, म्हणजे स्पोकचा ताण जुळवून चाक सरळ करणाऱ्या, कारागिराकडे पोहोचवा. तुटलेल्या स्पोकबरोबर शेजारचे दोन्ही ढिले स्पोकही बदलून घ्या. रिमच बदलावी लागली तर सगळे स्पोक नवे घालणे परवडते, कारण चाक गुंफण्याची मजुरी तेवढीच पडते.

चुलतभावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार धोकादायक दोष माहीत असताना सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणे जसा गुन्हा आहे, तसा ते दुसऱ्याला चालवू देणे हाही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तुम्हाला दोष ठाऊक आहे म्हणून तुम्ही जपून चालवाल. त्याला चाकाची ती जागा ठाऊक नाही आणि मित्रांबरोबर निघालेला धाकटा भाऊ तुमच्याइतका जपेल असे धरून चालू नका. रविवारी जायचेच असेल तर दोघेही मित्रांच्या गाडीवर मागे बसून जा.

चाक बसवून आल्यावर पहिले काही दिवस गावाजवळच गाडी चालवा आणि मग स्पोक पुन्हा वाजवून पाहा, कारण नवे स्पोक आपापल्या जागी बसताना थोडे सैल पडतात. हवेचा दाब कंपनीने सांगितला आहे तेवढा ठेवा. चिखलात पकड मिळावी म्हणून अनेकजण हवा फार कमी करतात आणि मग तोच टायर दगडावर आपटला की धक्का थेट रिमला बसतो. ओढ्यात पाणी गढूळ असेल, तर आधी उतरून पायाने तळ चाचपून घ्या.