खरकटा डबा कोण घासतं?

मावशी, नमस्कार.

आम्ही अहमदपूरला राहतो. मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावीला लातूरला ठेवलाय, नीटची तयारी चालू आहे. क्लासजवळ तिघांत एक रूम केलीय. मेसचं जेवण त्याला मानवत नाही, म्हणून मी पहाटे साडेचारला उठून डबा करते आणि साडेसहाच्या एसटीनं पाठवते. अभ्यासात हुशार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मावशी, त्याला बाकी काही म्हणजे काही येत नाही. गुंडी तुटली की शर्ट तसाच पडून राहतो. मागच्या महिन्यात जुलाब झाले तर दोन दिवस नुसता झोपून होता, कुणाला सांगितलं नाही. बँकेचं काम निघालं की वडिलांनी इथून जायचं. परवा रूमवरच्या छोट्या गॅसचा वास यायला लागला तर रात्री अकराला मला फोन, ‘मम्मी, काय करू?’ पुढच्या वर्षी नंबर लागला तर कुठल्या कुठं जावं लागेल, तिथं कसं व्हायचं? हे म्हणतात, आम्ही खोली करून शिकलो, स्टोव्हवर भात टाकून दिवस काढले, त्यानं ते कशाला भोगायचं? तो म्हणतो, परीक्षा होऊ दे. रिकामे डबेसुद्धा खरकटेच येतात, तिकडं पाण्याचाही त्रास आहे, ते धाकटी घासून ठेवते. तिची यंदा दहावी आहे, पण ती समजूतदार आहे. परीक्षेनंतर पुण्यात मुलांसाठी जीवनकौशल्यांचं शिबिर आहे, दहा दिवसांचे अठरा हजार. दोन हजार आगाऊ भरलेत, माहितीपत्रक सोबत जोडलंय. पाठवू का? की मीच सुट्टीत शिकवू? काय काय शिकवावं त्याची यादी द्यावी.

– एक आई, अहमदपूर

अगं माय, यादी मी देणार नाही.

गुंडी, बँक, जुलाब सगळं वाचलं. शेवटाकडं डब्यांचं जे जाता जाता लिहिलंस तिथं मात्र अडकले. पाण्याचा त्रास आणि लेकीचा समजूतदारपणा यांच्यामध्ये ते असं दडपून टाकलंयस की कुणाची नजर पडू नये. बाकीच्या तक्रारी आता बाजूला राहू देत.

तो डबा जरा डोळ्यांपुढं आण. पोरगं रात्री साडेदहाला जेवतं, झाकण लावतं, कडी अडकवतं आणि पिशवी पायानं कोपऱ्यात सारतं. सकाळी स्टँडवर भरलेला डबा घेताना तीच पिशवी कंडक्टरच्या हातात देतं. चाकूर, शिरूर ताजबंद करत ती गाडी दुपारपर्यंत अहमदपूरला लागते. डबा उघडतो संध्याकाळी पाचला, लेक शाळेतून आल्यावर. म्हणजे अठरा तास बंद असलेलं वरण, वर ऑक्टोबरचा उकाडा आणि एसटीचं तापलेलं बॉनेट. कडी काढली की आधी वास येतो. मधल्या खणात आंबलेल्या वरणाचा पिवळा थर, खालच्यात भाकरीचा टणक तुकडा, शेंगदाण्याच्या चटणीचं तेल सगळीकडं चढलेलं. झाकणाच्या खाचेत वाळलेली भाजी घासणीनं निघत नाही, तिथं नख घालावं लागतं. ते नख तुझ्या लेकीचं. दहावी तिचीही आहे की गं.

त्याला काही येत नाही हे तुझं म्हणणं मला पटत नाही. सकाळची गाडी कितीला लागते, कुठल्या फलाटावर लागते, आज कंडक्टर कोण, हे त्याला तोंडपाठ असणार. भरलेला डबा घ्यायला उशीर झाला, असं तुझ्या पत्रात कुठं नाही. जे त्याच्यावाचून अडतं ते तो चोख करतो. घासायचं काम त्याच्यावाचून काल झालं, आज झालं, उद्याही होणार. हुशार पोरगं आहे, कशाला हात लावील? बँक त्याच्यावाचून होते, कारण वडील गाडीत बसतात. आणि अडचणीत डोकं चालवायचं कामही त्याच्यावाचून होतं, कारण तू फोन उचलतेस.

पाण्याचं कारण मला सांगू नकोस. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यातसुद्धा लातूरच्या घराघरांत भांडी घासली गेलीच. राखेनं घासली, तांब्याभर पाण्यात विसळली आणि ते पाणी झाडाला घातलं. तुझ्या लेकाच्या अंघोळीला पाणी आहे ना? मग डब्यालाही आहे.

वेळेचंही तेच. नीटच्या पेपरात १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. डबा जेवल्याबरोबर घासला तर पाच मिनिटं लागतात, पाच प्रश्नांचा वेळ. अठरा तासांनी घासला तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. सध्या ती तुझ्या लेकीच्या गणितातून जातायत, आणि त्या गणिताचा हिशोब तुमच्या घरात कुणी मांडलेला नाही.

तुझ्या नवऱ्याशीही जरा बोलायचंय. खोली करून राहिले, स्टोव्हवर भात टाकला, याला ते भोगणं म्हणतात. काय भोगलं हो? मराठवाड्यातल्या कितीतरी मास्तरांनी, तहसीलदारांनी, डॉक्टरांनी असाच वातीच्या स्टोव्हवर भात टाकला, पिठलं जाळलं, डाळ करपवली आणि पुढच्या वेळी आच कमी केली. तू माहेरी गेलीस तर हे चार दिवस उपाशी राहत नसतील, ते त्या स्टोव्हमुळंच. दिवस वाईट होते ते पैशाअभावी, स्वतःचं ताट स्वतः धुतल्यामुळं नव्हे. लेकराला पैशाचा त्रास होऊ दिला नाहीत, चांगलं केलंत. त्याबरोबर ताटही काढून घेतलंत.

शिबिराचं माहितीपत्रक पाहिलं. निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, नाती, स्वतःची ओळख, समानुभूती, ताण आणि भावना सांभाळणं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात मांडलेली दहा कौशल्यांची यादी आहे ती, वाईट नाही. त्यातली समानुभूती ते पोरांना गोल बसवून, चिठ्ठ्या लिहायला लावून शिकवतील. ज्याला बहिणीच्या नखातली भाजी दिसली नाही त्याला पुण्यातल्या हॉलमध्ये परक्याचं काय दिसणार? अठरा हजार रुपये अहमदपूरच्या घराला लहान रक्कम नाही. पाठवू नकोस.

तर करायचं एकच. सोमवारपासून जो डबा घासून येईल तोच भरून जाईल.

सोमवारी सकाळी भरलेल्या डब्यात चिठ्ठी टाक: उद्यापासून धुतलेला डबा आला तरच भरीन. भाषण नको, बहिणीचं उदाहरण नको, ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो’ तर अजिबात नको. मग खरकटा डबा आला की झाकण न उघडता पिशवीत तसाच ठेव आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या गाडीनं तसाच परत पाठव. कंडक्टरला आधी सांगून ठेव, नाहीतर वजन कमी लागलं म्हणून तोच घाबरून फोन करील.

साडेआठ-नऊला लेकाचा फोन येईल. ‘मम्मी, डबा कालचाच आलाय की.’ तू म्हणायचं, ‘हाव, घासून पाठव,’ आणि टेस्टला किती मार्क पडले ते विचारायचं. उपाशी मरणार नाही तो. क्लासच्या गल्लीत दर दहा पावलांवर मेस आहे, वडापाव आहे, पोहे आहेत, त्याच्या फोनमध्ये पैसे आहेत. एक दिवस मेसचं न मानवणारं जेवण जेवेल. मानवेल बघ.

मला भीती त्याची नाही, तुझी आहे. दुसऱ्या रात्री तुला झोप लागणार नाही. उठशील, दिवा न लावता डबा गुपचूप घासशील आणि सकाळी भरून देशील. नवऱ्याला सांगशील की आज घासूनच आला होता. तू नाही घासलास तर सासूबाई घासतील. म्हणून खरकटा डबा घरात आणूच नका. स्टँडवर जो कुणी उतरवून घेतो त्यानं तिथंच ठेवून घ्यावा आणि सकाळी परत गाडीत द्यावा.

आठवडाभरात डबा घासून येईल. नीट नसेल. कडेला चिकट असेल, झाकणाला वास असेल, साबण राहिला असेल. भरायचा. चिकट डब्यातली भाजी त्यालाच खायची आहे. विचारलंच तर एवढं सांग, की जेवलं की लगेच पाणी ओतून ठेवायचं, म्हणजे घासायला काही उरतच नाही. पण आधी विचारू दे.

साबण, घासणी तुम्ही पाठवायची नाही. त्याला दुकानात जावं लागेल. नळाला पाणी कितीला येतं ते बघावं लागेल, मोरीत आधी कोण यावरून दोन पोरांशी बोलावं लागेल, क्वचित भांडावंही लागेल. हे तू सुट्टीत शिकवायला बसलीस तर तो मोबाईल बघत ‘हं, हं’ करील.

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टींना मात्र हा नियम लावू नकोस. त्या आजच फोन करून सांग आणि त्याच्याकडून परत म्हणवून घे. पहिली, गॅस. वास येत असलेल्या खोलीत उभं राहून त्यानं तुला फोन लावला, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. वास आला की आधी रेग्युलेटर किंवा कॉक बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्या-पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. मग तिघांनी बाहेर यायचं आणि फोन बाहेर आल्यावर करायचा, तोही तुला नव्हे, १९०६ ला. गॅसगळतीसाठीचाच नंबर आहे तो. आणि तो छोटा सिलिंडर कुठल्या दुकानात बिनपावतीचा भरून आणलेला असेल तर खोलीतून बाहेर काढा, चहा टपरीवर प्यावा.

दुसरी, जुलाब. झोपून राहायचं नाही, पीत राहायचं. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि रूममेटला सोबत न्यायचं.

बँकेचं सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांपुढच्या मुलालासुद्धा बँक स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देऊ शकते, तुझा तर सतराचा आहे. वडिलांना एसटीत बसवणं बंद कर.

आता लेकीचं. तिला आज संध्याकाळी सांग की दादाचा डबा तिनं उद्यापासून घासायचा नाही. तिला खूष करायला ‘तू किती गुणाची’ म्हणू नकोस, त्या गुणापायीच तर ती मोरीत बसलीय. पाच ते साडेपाच तिचा वेळ आहे, तिला हवा तसा घालवू दे. अभ्यास करील, झोपा काढील, मैत्रिणीकडं जाईल. घरातली बाकीची भांडी तिच्याकडं असतील तर त्याचंही बघ, आणि दिवाळीला लेक घरी आला की घासणी कुणाच्या हातात जाते तेही बघ. सुट्टीला आलाय, दमलाय, असं म्हणत तू त्याच्या हातातून ती काढून घ्यायला जाशील. जाऊ नकोस.

राहिले शिबिराचे आगाऊ भरलेले दोन हजार. परत मिळतात का ते विचारायला हवं. फोन तू करू नकोस, हेही नकोत. पावतीचा फोटो आणि शिबिरवाल्यांचा नंबर लेकाला पाठव, म्हणावं पैसे तुझ्या खात्यात मागव आणि मिळाले की कळव.

– मावशी