लहानपणी घरात खूप मार खाल्लाय. परदेशात शिफ्ट झाल्यावर हे सगळं मागे पडतं का?

तुम्ही लिहिलंय, 'तिकडे मला कुणी ओळखत नसेल, एवढंच हवंय.' मी ताईला अगदी हेच म्हणाले होते, म्हणून लिहायला बसले.

पहिले चार महिने खरंच छान गेले. शांत झोप लागायची, फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं नाही. मग शेजारच्या फ्लॅटमध्ये एकजण राहायला आला, रात्री अकराला यायचा आणि किल्ली लावताना कुलपात दोन-तीनदा खडखड करायचा. बस, एवढंच. बाबा पिऊन आले की त्यांची किल्ली लागायची नाही, तीच खडखड. मी हातातलं ताट ठेवून सरळ बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि ओल्या फरशीवर बसून राहिले, किती वेळ ते आठवत नाही. तेव्हा मी 31 वर्षांची होते आणि बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

जागा बदलली तरी शरीराला आवाज ओळखता येतो हो. आणि आठवण येईल असं सगळं टाळत राहणं हे पीटीएसडीचंच (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) लक्षण आहे, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) लक्षणांचे जे चार गट आहेत त्यातला एक पूर्ण गट टाळण्याचा आहे. हे मला खूप उशिरा कळलं.

माझी मोठी चूक म्हणजे थेरपी अर्धी सोडून निघाले. बऱ्याच ठिकाणी थेरपिस्टचं लायसन्स दुसऱ्या देशातल्या पेशंटसाठी चालत नाही, माझ्या मॅडमनी नाइलाजाने थांबवलं. नवीन माणूस मिळेपर्यंत आठ महिने गेले, आणि मग रडू मराठीत यायचं, सांगायचं इंग्लिशमध्ये. प्रोलाँग्ड एक्सपोजर केलं, म्हणजे टाळलेल्या आठवणीला हळूहळू सामोरं जायची थेरपी, साधारण 8 ते 15 सेशन असतात, एकेक दीड तासाचं. लहानपणची, बाबांच्या किल्लीची ती रात्र डोळे मिटून परत परत मोठ्याने सांगायची. फरक पडला, पण तो त्याने पडला, विमानाने नाही.

म्हणून जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. ताई म्हणते, 'तू पळालीस.' हो, पळाले, आणि त्यात काहीही चूक नव्हती, मार खाणाऱ्याने पळायचं नाही तर काय करायचं? (आणि तुम्हाला आजही कुणी मारत असेल तर थेरपीबिरपी नंतर, आधी बाहेर पडा, शेजारच्या गावात का होईना.) ताई राहिली, सगळ्यांचं केलं, ते मी कधीच नाकारलं नाही. पण ती आजही त्याच घरात दिवा चालू ठेवून झोपते.