अण्णांच्या ताटातला भात

«माझे आईवडील देवगड तालुक्यात असतात, मी मेलबर्नला. गेल्या महिन्यात अण्णांना (वय ६७) डायबेटीस निघाला. उपाशीपोटी साखर १६८, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.४. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. मी खूप वाचलं आणि त्यांना लो-कार्बचा, म्हणजे कार्बोहायड्रेट (पिठूळ-गोड पदार्थ) कमी असलेल्या जेवणाचा, तक्ता करून पाठवला. भात, भाकरी, पोहे, फळं बंद. त्याऐवजी बदामाच्या पिठाची पोळी, फ्लॉवरचा भात, अव्होकाडो. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी अण्णा ताटावरून उठले. आई रडते, अण्णा फोनवर येत नाहीत. अंगाने ते बारीकच आहेत, ५८ किलो. माझं काय चुकलं?»

ताई, तुमची दिशा चुकलेली नाही. नव्याने निघालेल्या डायबेटीसमध्ये पिठूळ आणि गोड पदार्थ कमी केले की साखर उतरते, आणि औषधाइतकीच जेवणाचीही त्यात ताकद असते. पण तुमच्या पत्रातला एक शब्द वाचून मला आधी घाईने लिहायला हवं. तो शब्द ग्लिमेपिराइड.

ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवला असो वा नसो. ताटातला भात एकदम काढून घेतला आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे झालेलं आहे. साखर निघाली तसा त्यांनी कुणालाही न विचारता भात सोडला, आणि गोळी मात्र नेमाने घेत राहिले. आठव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला कलमांत गवत काढताना ते मटकन खाली बसले. सदरा घामाने चिंब, बोटं थरथरत होती, आणि काही विचारलं तर भलतंच उत्तर देत होते. आम्हांला वाटलं ऊन लागलं. शेजारच्या काकूंच्या घरी डायबेटीस जुना, त्यांनी ओळखलं आणि साखरपाणी पाजलं. नंतर मोजली तेव्हाही ६१ होती.

म्हणून आजच आईंना सांगा, की जेवण बदलण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन एवढंच विचारायचं: «आम्ही भात-भाकरी निम्म्यावर आणतोय, गोळी किती ठेवू?» गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि तरीही ७० च्या वर आली नाही तर पुन्हा घ्यायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. मेटफॉर्मिनने एकट्याने असं सहसा होत नाही. पुढे कधी डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी दिली, तर लो-कार्ब चालू असल्याचं तेव्हाही आवर्जून सांगा. अगदी कडक लो-कार्बबरोबर त्या गोळीने रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही.

आता ताटाकडे येऊ.

कोकणात शेतात उभं असतं तेही भात आणि ताटात येतो तोही भात. अण्णांनी लावणीत पाय बुडवून पिकवलेलं धान्य कणग्यात असताना त्यांना फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायला सांगणं, हे त्यांना लागलं असणार. मला ते उठून गेले त्याचा राग येत नाही. आणि अव्होकाडो आणायला आईंनी जायचं तरी कुठे?

माझ्याकडे कुणी सल्ल्याला आलं की मी आधी रोजच्यासारखं ताट वाढून दाखवायला सांगते आणि मग त्यातला भात वाटीने मोजते. मालवणकडच्या एका काकूंनी नवऱ्याला वाढला तसा भात वाढला, तो साडेतीन वाट्या भरला. काकू थक्क. «इतकोच तर वाढतंय मी रोज!» म्हणाल्या. एक वाटी शिजलेला भात म्हणजे साधारण १५० ग्रॅम, आणि त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट. अण्णांचा दिवस मी अंदाजाने मांडते: सकाळी वाडगाभर पेज ४५, दुपारी तीन वाट्या भात १२०, रात्री तांदळाच्या दोन भाकऱ्या ८०, दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा ३५. झाले २८०, अजून उसळ, दूध, केळं धरलेलंच नाही. यात अण्णांचा हावरटपणा काही नाही. देशभर घेतलेल्या पाहणीत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कार्बोहायड्रेटमधूनच येतात असं दिसलं आहे.

आता त्याच घरातल्या पदार्थांतून दुसरा दिवस मांडा. सकाळी दोन अंडी आणि एक लहान घावणा, १५. दुपारी एक वाटी भात, ४०. रात्री एक भाकरी, ४०. अर्धी वाटी उसळ १५, भाज्या, ताक आणि बिनसाखरेच्या चहातलं दूध मिळून आणखी १५. बेरीज १२५. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलं की आहारशास्त्रात त्याला लो-कार्बच म्हणतात. भात ताटात राहिला, भाकरीही राहिली. एवढ्यावर तीन महिने काढा आणि मग एचबीएवनसी बघा.

भात कमी झाला की ताट रिकामं दिसतं, आणि तिथेच बहुतेक घरं हरतात. ती जागा आईंनी निस्त्याने भरायची. बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी यांत कार्बोहायड्रेट जवळजवळ नसतंच. एरवी एक तुकडा नि वर भाताचा डोंगर असतो, त्याऐवजी दोन बांगडे, वाडगाभर तिखलं, शेजारी पडवळ किंवा दुधीची भाजी, आणि वाटीभर भात शेवटी. हे «शेवटी» महत्त्वाचं. आधी भाजी-मासे आणि मागून भात खाल्ला तर तेवढ्याच भाताने साखर कमी उसळते. मासा तव्यावर टाकताना तांदळाचं पीठ लावायचं ते चिमूटभरच. जेवण झाल्यावर लवंडण्याआधी अंगणात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या माराव्यात.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि मग श्रावण. बंदीच्या दिवसांत सुकी सुंगटं, खारा बांगडा बाहेर येतो. त्यात मीठ भरमसाट, तेव्हा अण्णांना ब्लडप्रेशर असेल तर जपून. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते ती मात्र पोटभर खाऊ दे. कुळथाची पिठी चांगलीच, कुळथात प्रथिनं भरपूर. पण तिच्यातही पीठ आहे, म्हणून पिठी असेल त्या दिवशी भात आणखी थोडा कमी. खोबऱ्याची भीती घालू नका. वाटणातल्या खोबऱ्याने साखर वाढत नाही. फक्त कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून प्रमाण ठरवा. सोलकढी चालेल, बिनसाखरेची. बाटलीतलं अमृत कोकम मात्र साखरेचा पाक असतो, ते घरातून काढूनच टाका.

दोन समज तुमच्या घरीही असतील. पहिला, उकड्या तांदळाचा भात साखरेला चालतो. उकड्याने साखर थोडी सावकाश चढते हे खरं, पण कार्बोहायड्रेट जवळपास तेवढंच, आणि «हो चालता» म्हणून लोक तीन वाट्या खातात. दुसरा नाचणीचा. नाचणीत तंतू आणि कॅल्शियम जास्त, मलाही ती आवडते. तरी १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतंच. भाकरी नाचणीची करा, पण करा एकच. आणि पेज. आजाऱ्याला देतात म्हणून ती हलकी वाटते. मऊ शिजलेला, पातळ झालेला तो तांदूळच आहे आणि रक्तात सर्रकन जातो. अण्णांच्या दिवसातली एकच गोष्ट पूर्ण काढायला सांगायची झाली तर मी सकाळची पेज काढायला सांगेन.

अण्णा बारीक आहेत, मग डायबेटीस कसा, असं आईंना वाटत असेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हाच विषय अभ्यासला: आपली माणसं दिसायला सडपातळ असतात, पण स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त असते. त्यामुळे तुमच्या वाचनातल्या बऱ्याच गोष्टी अण्णांना जशाच्या तशा लागू होत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१७ साली आलेला «डायरेक्ट» नावाचा आहाराचा अभ्यास तुम्ही नक्की पाहिला असेल. वर्षभरात ४६ टक्के लोकांचा डायबेटीस औषधांशिवाय आटोक्यात आला, ही खरोखर आशेची गोष्ट आहे. पण तो आहार दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा होता, आणि त्यात घेतलेली माणसं ६५ वर्षांपर्यंतची, वजन जास्त असलेली होती. ५८ किलोच्या, सदुसष्टीतल्या माणसाला तसं उपाशी ठेवलं तर त्याचे मांडीचे स्नायू झडतील. अण्णांचं वजन घटू द्यायचं नाही. दर रविवारी वजनकाट्यावर उभं करा. काही न करता वजन उतरत असेल, खूप तहान लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. शरीरात इन्सुलिनच कमी पडत असण्याची शक्यता असते. मासे-अंडी वाढवण्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे कळायला क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या, आणि डोळ्यांचा पडदा आत्ताच दाखवा, कारण या प्रकारचा डायबेटीस निघतो त्याआधी कैक वर्षं तो अंगात असू शकतो. वाडीत अनवाणी फिरणं बंद. डायबेटीसने पाय बधिर होऊन काटा रुतला तरी कळणार नाही अशी वेळ येऊ शकते. रात्री आईंनी तळपाय बघावेत.

आकड्यांवरून तुमची आणि अण्णांची चुकामूक होत असणार. मेलबर्नला साखर ज्या एककात मोजतात त्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. तिकडचे ७ म्हणजे इकडचे १२६. एचबीएवनसीचे ७ वेगळे, ती तीन महिन्यांची सरासरी, टक्क्यांत. घरी मोजायचं ते उपाशीपोटी, आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी. हात साबणाने धुऊन, पुसून. गेल्या मे महिन्यात एक काका घाबरेघुबरे होऊन आले, साखर २९० म्हणून. बोटांना आंब्याचा वास येत होता. कलमांची पेटी भरून तसेच मोजायला बसले होते. हात धुऊन मोजली, १४८. पावसाळ्यात स्ट्रिपांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं. दमट हवेत त्या बिघडतात आणि भलते आकडे दाखवतात.

आता अण्णांना फोन करू नका, आईंना करा. तक्ता मागे घेतला असं सांगा. चूल एकच ठेवायची, अण्णांसाठी वेगळं काही शिजवायचं नाही, आईंनीही तेच जेवायचं. भाताची वाटी कोणती ती अण्णांनाच निवडू द्या, नेहमीच्या आमटीच्या वाटीएवढी, आणि ती वाटी त्यांच्या हातात. दोन तासांनंतरचा आकडा त्यांनी स्वतः कॅलेंडरवर लिहायचा. पेजेच्या दिवशीचा आणि अंडं-घावण्याच्या दिवशीचा आकडा शेजारी शेजारी दिसला की तुम्हांला फार बोलावं लागणार नाही.

मेमध्ये याल तेव्हा देवगडात हापूस असणारच, आणि अण्णा तुम्हांला न देता खाणार नाहीत. मध्यम हापूसचा अर्धा आंबा चालेल, ज्या जेवणात भात नाही त्या जेवणात, फोडी करून, आमरस नको. दोन तासांनी मोजा. १८० च्या आत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. येताना तिकडून मशीन आणू नका, ते तिकडच्या एककात आकडे दाखवेल आणि घोळ होईल. स्ट्रिपा आणायच्या असतील तर अण्णांच्या मशीनचं नाव आधी फोटो काढून मागवून घ्या, दुसऱ्या मशीनच्या स्ट्रिपा त्यात चालत नाहीत.