कोंबड्यांचे स्वभाव: नवख्यांसाठी चार गोष्टी

"ही हातात येतच नाही" म्हणून पहिल्याच आठवड्यात हिरमुसू नका. लेगहॉर्न जातीची कोंबडी मुळातच चपळ आणि बुजरी. ऑर्पिंग्टन, सिल्की बहुधा शांत. पण एकाच जातीच्या दोन बहिणींतही जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा जातीवरून शिक्का मारू नका.

पकडापकडी टाळा. वरून येणारा हात त्यांना घारीच्या झडपेसारखा वाटतो. खाली बसा, तळहातावर दाणे धरा आणि थांबा. माझी एक काळी कोंबडी महिनाभर चार हात लांबच राहिली. मग एके सकाळी मान ताणून एकच दाणा उचलला आणि पळाली! तो आनंद मी विसरलेलो नाही.

किरकोळ टोचाटोचीत मध्ये पडू नका. कोण वरचढ हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. रक्त दिसलं तर मात्र जखमी कोंबडी लगेच वेगळी काढा, नाहीतर बाकीच्याही तिथेच टोचतात.

- खाद्याची भांडी किमान दोन, एकमेकांपासून लांब ठेवा. दबणारीलाही पोटभर मिळतं.
- नवी कोंबडी थेट कळपात सोडू नका. आधी आठ-दहा दिवस जाळीपलीकडे ठेवा.

आणि एरवी चौकस असणारी अचानक पिसं फुगवून गप्प बसली, खुडूकही (अंडी उबवायला बसलेली) नसेल, तर तो स्वभाव नव्हे. आजारी आहे असंच धरा आणि पशुवैद्यांना दाखवा.