पैंजणाची ऑर्डर घेताना

भावा, हुपरीत शिकून आलायस म्हणजे हात तयार असणार, पण ऑर्डर घेणं हे वेगळंच काम आहे. गिऱ्हाईक जुनी चांदी मोडायला आणतं तेव्हा काटा त्याच्याकडे फिरवून त्याच्यासमोरच वजन कर आणि आटणीनंतरचं, म्हणजे वितळवल्यावरचं, वजन पण बघू दे, कारण जुन्या पैंजणात सांध्यांचं रेण, म्हणजे जोडाला वापरलेला मिश्रधातू, असतं, मळ असतो, घट येणारच, आणि ती आधी नाही सांगितली की माणूस म्हणतो सोनाराने चांदी मारली. वजन, टंच (चांदीची शुद्धता), मजुरी सगळं चिठ्ठीवर लिही. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं, हेही समजावून सांग.

जोडकामात घाई नको. सांध्याला टाकणखार (बोरॅक्स) लाव आणि ज्योत नुसत्या सांध्यावर धरू नकोस, आजूबाजूला पण सारखं तापव, चांदी उष्णता झटकन पसरवते, मग रेण आपोआप फटीत पळतं. बारीक कड्या जास्तच सांभाळ, शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते पण ९२५ त्याच्या बरीच आधी. बाळाच्या वाळ्यांची कड बोटाने नाही, कापूस फिरवून तपास, तंतू अडकला की परत घास. आणि लग्नसराईत तारीख चार दिवस पुढचीच दे, खरंच.